फोमच्या गादीचा कुबट वास कसा घालवायचा?

फोंड्यात राहतो, त्यामुळे पावसाळ्यात गादीला येणारा कुबट वास चांगलाच ओळखीचा आहे. तुमची गादी फोमची आहे, म्हणून आधी हेच सांगतो: ती पाण्याने धुवू नका. फोम स्पंजासारखं पाणी धरून ठेवतो, आत ओल राहते आणि बुरशी धरते.

खोळ काढून धुवा. गादीवर खाण्याचा सोडा चहाच्या गाळणीने भुरभुरवा, पातळ पांढरा थर दिसला पाहिजे. ८-१० तास ठेवून व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्या. आमच्याकडे जुलैत सोड्याच्या बारीक गुठळ्या झाल्या होत्या, इतका दमटपणा! दुसऱ्यांदा टाकल्यावर वास गेला.

मुलाने शू केली असेल तर सोडा पुरत नाही. एन्झाइमवालं क्लीनर (लघवीतले वास आणणारे घटक तोडणारं द्रव) थोडंसंच फवारा, टिपून घ्या आणि पंख्याखाली पूर्ण वाळवा.

मग गादी भिंतीला उभी करून दोन्ही बाजूंनी वारा लागू द्या. कडक उन्हात दिवसभर ठेवू नका, फोम पिवळा पडून ठिसूळ होतो. जमिनीवर तर टाकूच नका, खालून ओल धरते. फळ्यांचा पलंग उत्तम.

फोममध्ये काळे ठिपके दिसले तर मात्र गादी बदला, घरात दमेकरी असेल तर लगेच.