कमेंट करणाऱ्यांना बक्षीस: प्लगइन सुरू, पण दिसत काहीच नाही

प्रश्न: कमेंट करणाऱ्याच्या नावाखाली त्याच्या ब्लॉगवरच्या ताज्या लेखाची लिंक यावी म्हणून वर्डप्रेसवर कमेंटलव्ह बसवलं. प्लगइन ‘सक्रिय’ दिसतं, पण कमेंटच्या चौकटीखाली काहीच उमटत नाही. दोनदा काढून परत टाकलं.

उत्तर: तिसऱ्यांदा बसवू नका. दोष बहुतेक वेळा थीममध्ये असतो. असं प्लगइन स्वतःची खूणचौकट फॉर्मच्या शेवटी असलेल्या ‘कमेंट_फॉर्म’ या हुकला (प्लगइनने आपला कोड जोडावा म्हणून ठेवलेल्या जागेला) टांगतं, आणि लिंक शोधणारी जावास्क्रिप्ट पानाच्या तळाशी ‘डब्ल्यूपी_फूटर’ या दुसऱ्या हुकमधून येते. वर्डप्रेस ३.० (२०१०) पासून अख्खा फॉर्म छापणारं तयार फंक्शन आहे. ते वापरणाऱ्या थीममध्ये हुक आपोआप मिळतो. जुन्या किंवा हाताने फॉर्म लिहिलेल्या थीममध्ये मात्र तो राहून गेलेला असतो. थीमची ‘कमेंट्स’ फाइल उघडा आणि फॉर्म बंद करणाऱ्या टॅगच्या लगेच वर त्या हुकची ‘डू_अ‍ॅक्शन’ ओळ आहे का ते पाहा. नसेल तर फाइलची प्रत चाइल्ड थीममध्ये (मूळ थीमवर आधारलेल्या, तुमचे बदल ठेवायच्या वेगळ्या थीममध्ये) घेऊन तिथे घाला. मूळ थीममध्ये घातलेली ओळ पुढच्या अपडेटला पुसली जाते, आणि महिन्याभराने हाच प्रश्न परत पडतो. ‘फूटर’ फाइलमध्ये बॉडी टॅग बंद होण्याआधी ‘डब्ल्यूपी_फूटर’ आहे का, तेही बघून घ्या.

जेटपॅक या प्लगइनचा कमेंट फॉर्म चालू असेल तर ही सगळी तपासणी वाया जाईल. तो फॉर्म बाहेरून आय-फ्रेममध्ये (तुमच्या पानात बसवलेल्या दुसऱ्या पानात) येतो, तुमच्या थीमचे हुक तिथे पोचतच नाहीत. जेटपॅकचा फॉर्म आणि कमेंटलव्ह यांपैकी एकच ठेवता येईल.

चौकट दिसते पण लिंक येत नाही, अशी तक्रार असेल तर पान उघडून एफ-१२ दाबा आणि कन्सोलमधली लाल ओळ वाचा. ‘जेक्वेरी इज नॉट डिफाइन्ड’ असं असेल, तर पानाचा वेग वाढवणाऱ्या प्लगइनने जेक्वेरी (प्लगइनला लागणारी जावास्क्रिप्टची तयार फाइल) मागे ढकलली आहे. तिची फाइल ‘वगळा’ यादीत टाका आणि कॅशे (पानाची साठवलेली जुनी प्रत) रिकामा करून पुन्हा पाहा. कन्सोल स्वच्छ असेल तर कमेंट करणाऱ्याच्या ब्लॉगची फीड तपासा, म्हणजे ताज्या लेखांची ती एक्सएमएल यादी जिच्यातून प्लगइन लिंक शोधतं. एक्सएमएलच्या पहिल्या ओळीआधी एखादी रिकामी ओळ शिरली तरी फीड वाचली जात नाही. ती ओळ सहसा ‘फंक्शन्स’ फाइलच्या अगदी सुरुवातीला किंवा शेवटच्या पीएचपी टॅगनंतर सापडते. ही दुरुस्ती त्याच्या ब्लॉगवर व्हायला हवी, तुमच्या नव्हे. त्याला तसं कळवा.

प्रश्न: मायक्रेड या प्लगइनने कमेंटला गुण देतो. काहींना मिळतात, काहींना नाही. आणि आता ‘छान’, ‘मस्त’ यांचा पाऊस पडतोय.

उत्तर: गुण सदस्याच्या खात्यात जमा होतात. पाहुणा म्हणून, लॉगिन न करता लिहिलेल्या कमेंटला खातंच नसतं, मग ईमेल तोच का असेना. म्हणून जनरल सेटिंग्जमध्ये नोंदणी सर्वांना खुली करा आणि डिस्कशनमध्ये कमेंटसाठी लॉगिन सक्तीचं करा. मंजुरीसाठी थांबलेल्या कमेंटलाही गुण मिळत नाहीत. ते योग्यच आहे, त्याला हात लावू नका. एखाद्याचा आकडा जुनाच दिसत असेल तर आधी मायक्रेडची नोंदवही पाहा. नोंद असूनही पानावर आकडा बदलत नसेल, तर पान कॅशेमधून येतंय.

‘छान’च्या पावसाला कारण एकच, मर्यादा घातलेली नाही. मायक्रेडच्या कमेंटसाठीच्या ‘हुक’मध्ये (इथे हुक म्हणजे गुण देण्याचा नियम) एका लेखाला १ आणि दिवसाला ३ कमेंटनाच गुण ठेवा, स्वतःच्याच कमेंटला दिलेल्या उत्तराचे गुण बंद करा आणि स्पॅम ठरलेल्या कमेंटचे गुण वजा करा. वजाबाकी मिळालेल्या गुणांपेक्षा मोठी असू द्या, नाहीतर तिचा धाक राहत नाही.

प्रश्न: बक्षीस म्हणून कमेंटमधल्या लिंकवरचा ‘नोफॉलो’ (ही लिंक आपली शिफारस नाही, असं सर्च इंजिनला सांगणारी खूण) काढावा का?

उत्तर: नको. कमेंटमधला स्पॅम आवरण्यासाठीच २००५ मध्ये ही खूण आली. २०१९ मध्ये गूगलने वाचकांनी टाकलेल्या लिंकसाठी ‘यूजीसी’ ही वेगळी खूण दिली आणि वर्डप्रेस ५.३ पासून तीही कमेंटच्या लिंकला लागते. खूण काढलीत की लिंक पेरणारे तुमचा पत्ता शोधत येतील, आणि प्रामाणिक वाचकाची कमेंट त्या गर्दीत दबून जाईल. त्यापेक्षा चांगल्या कमेंटमधला मुद्दा लेखात नावासह घ्या. त्याला प्लगइन लागत नाही.

प्रश्न: पहिल्यांदा कमेंट करणाऱ्याला आभाराच्या पानावर नेणारं प्लगइन काहीच करत नाही.

उत्तर: कमेंट पाठवल्यावर पान पुन्हा लोड होतं का ते पाहा. होत नसेल तर थीम कमेंट अजॅक्सने (पान पुन्हा लोड न करता) पाठवते, आणि मग ब्राउझर दुसऱ्या पानावर जात नाही. थीमच्या सेटिंगमधून अजॅक्स कमेंट बंद करा. तपासताना दरवेळी नवा ईमेल वापरा. ज्या ईमेलवरून आधीच एक कमेंट मंजूर झाली आहे, तो ‘पहिल्यांदा’मध्ये मोजला जात नाही.