जॉगिंग करणारा 'खरा' पळणारा नसतो का?

तुम्ही रोज सकाळी अर्धा तास जॉगिंग करता, ग्राउंडवरचे लोक म्हणतात 'हे काय रनिंग नाही', तर दोन्हींत फरक काय आणि वजन उतरवायला कोणतं चांगलं, असा तुमचा प्रश्न आहे.

फरकाचं उत्तर छोटं आहे. चालताना एक तरी पाय जमिनीवर असतो. पळताना प्रत्येक पावलाला क्षणभर दोन्ही पाय हवेत जातात, आणि जॉगिंगमध्येही जातातच. म्हणजे जॉगिंग हे पळणंच आहे, सावकाश. ताशी सहा मैल, म्हणजे सुमारे ९.७ किलोमीटर, किलोमीटरला साधारण सव्वासहा मिनिटं, अशी एक रेघ लोक सांगतात. त्याच्या खाली जॉगिंग, वर रनिंग. मला ती बिनकामाची वाटते. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोहीच्या धावपटू ललिता बाबरने २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या हीटमध्ये (प्राथमिक फेरीत) ९ मिनिटं १९.७६ सेकंद वेळ दिली. किलोमीटरला सुमारे ३ मिनिटं ७ सेकंद, तेही २८ अडथळे आणि ७ वेळा पाणी ओलांडून. अशा खेळाडूला किलोमीटरला साडेपाच मिनिटं म्हणजे गप्पा मारत पळायचा वेग, आणि पन्नाशीतल्या नवख्या माणसाचा त्याच वेगात जीव निघेल. साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट चढताना तर साडेसात मिनिटांनीही चांगल्या चांगल्यांची छाती भरते. तिथे घड्याळ बघून काय ठरवणार?

त्यापेक्षा बोलून बघा. पूर्ण वाक्य न तोडता बोलता आलं तर तो तुमचा सावकाश वेग. तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर मधला. 'हो-नाही'च्या पुढे जाता आलं नाही तर जोरात. फुकट आहे आणि चढावरही चालतं.

आता ज्या वाक्याने माझं डोकं सटकलं त्याबद्दल. 'हे काय रनिंग नाही' हे साताऱ्यात सैन्यभरतीच्या पोरांना रोज ऐकवलं जातं. अपशिंगे मिलिटरी या फौजींच्या गावाचा हा जिल्हा, घरटी एक पोरगं सोळाशेची तयारी करतंय. सैन्यभरतीत १६०० मीटर साडेपाच मिनिटांत काढली की ६० पैकी ६० मार्क. म्हणजे चारशे मीटरचा राउंड साडेब्याऐंशी सेकंदांत, असे चार. मग काही अकॅडम्यांचे सर काय करतात? रोज सकाळी सोळाशे फुल दमात, वर शंभर मीटरच्या चार-पाच धावा, आणि कुणी सावकाश पळताना दिसला की 'म्हाताऱ्यासारखं जॉगिंग काय करतो रे'.

मागच्या भरतीआधी कोरेगावकडचा एक पोरगा असाच ग्राउंडच्या कडेला नडगी धरून बसलेला. सोळाशे सहा मिनिटं दहा सेकंदांवर अडकलेली, दीड महिना तसूभर हलली नव्हती. त्याला मोजे खाली करायला लावले आणि नडगीच्या हाडाची आतली कड घोट्यापासून वर अंगठ्याने दाबत नेली. घोट्याच्या चार बोटं वरपासून वीतभर पट्टा दुखत होता, दोन्ही पायांना सारखा. ही त्यातल्या त्यात बरी खूण. दुखणं असं लांबवर पसरलेलं असेल तर हाडावरचं आवरण आणि आजूबाजूचा भाग ताणाने चिडलेला असतो, भार कमी केला की काही आठवड्यांत शांत होतो. एकाच बोटाएवढ्या जागी कळ येत असेल, त्या पायावर लंगडी घालता येत नसेल, रात्री झोपेतही ठणकत असेल तर ते हाडाला बारीक चीर जाण्याचं लक्षण. मग पळणं त्याच दिवशी बंद आणि थेट हाडाचा डॉक्टर. आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो. 'एक्स-रेत काही नाही, पळ' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवून पाय मोडून घेऊ नका.

त्याचे सर तिथेच होते. म्हणाले, पोरगा कच्चा आहे, दम नाही. दम नव्हता हे खरंच. पण दम येतो कशाने? साडेपाच-सहा मिनिटांच्या पळण्यात लागणारी ऊर्जा तीन चतुर्थांशाहून जास्त ऑक्सिजनच्या जोरावर येते. ती यंत्रणा, म्हणजे एका ठोक्याला हृदय किती रक्त ढकलतं, स्नायूंत केशवाहिन्या (केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या) किती, हे सगळं सावकाश आणि भरपूर पळून वाढतं. रोज फुल दमात पळून आठवड्याला जेमतेम दहा-बारा किलोमीटर होतात आणि प्रत्येक पाऊल जोराचं. पळताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार पायावर येतो. हाडाला तो सोसून भरून यायला मधे हलके दिवस लागतात. सर ते दिवसच देत नाहीत.

त्याला दोन आठवडे डांबरीवरून उतरवून मातीवर आणलं, दिवसाआड वीस मिनिटं, दुखलं की चालणं. दुखणं निवल्यावर आठवड्यातले चार दिवस तीस ते चाळीस मिनिटं, किलोमीटरला पावणेसहा ते सहा मिनिटांनी. त्याला लाज वाटायची, पोरं पुढे जायची. एक दिवस चारशेचे सहा राउंड, प्रत्येकी ८८ ते ९० सेकंदांत, आणि दोन राउंडच्या मधे दोनशे मीटर जॉगिंग. उभं राहायचं नाही, बसायचं तर नाहीच, कारण हळू पळत राहिलं तर रक्तातलं लॅक्टेट, म्हणजे जोरात पळताना स्नायूंत तयार होणारा पदार्थ, उभं राहण्यापेक्षा लवकर उतरतं. एक दिवस वीस मिनिटं मधल्या वेगात, एक दिवस पूर्ण सुट्टी. रोज पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली, पंधरा-पंधराचे तीन सेट.

पळण्याची ढबही बदलावी लागली. वेग वाढवायचा म्हटलं की पोरं ढांग लांब टाकतात, टाच गुडघ्याच्या पुढे जाऊन आदळते आणि प्रत्येक पावलाला ब्रेक लागतो. पाऊल शरीराखाली पडलं पाहिजे, पावलं छोटी आणि जास्त. मिनिटाला १५५ पडत असतील तर आधी १६५ करा, एकदम १८० च्या मागे लागू नका.

आणि पहिला राउंड! सोळाशे इथेच घालवतात. घोळक्यात शिट्टी वाजली की पहिला राउंड ७२ सेकंदांत, तिसरा ९८ मध्ये. या पोराला पहिला राउंड ८५ च्या आत मारलास तर बघ, असं बजावलं होतं. तीन महिन्यांनी ५:४१ आली. साठ मार्क नाहीत, पण सहा-दहावरून इथवर आला आणि नडगी शाबूत होती. सर म्हणाले, 'जॉगिंगने नाही, आमच्या स्पीडवर्कने आली.' असो.

तुमचं वजन. एक किलोमीटर पळायला किलोमागे साधारण एक कॅलरी जळते, वेग कितीही असो. सत्तर किलोचा माणूस पाच किलोमीटर पळाला की साडेतीनशे. जोरात पळालात तर तेवढंच अंतर लवकर संपतं, इतकंच. येताना पोवई नाक्यावर वडापाव आणि साखरेचा चहा घेतलात की तो हिशेब तिथल्या तिथे फिटतो. त्यामुळे वजनासाठी वेग नको, अंतर वाढवा, आठवड्याला दहा टक्क्यांच्या आसपास, आणि ताटात काय येतं ते बघा.

सर एका बाबतीत बरोबर आहेत, तेही लिहितो. वर्षानुवर्षं तोच अर्धा तास त्याच वेगाने केलात तर प्रगती थांबते. आठवड्यातून दोनदा जॉगिंगच्या शेवटी ऐंशी-शंभर मीटरच्या पाच-सहा झेपा घ्या. हळूहळू वेग चढवत न्यायचा, फुल जोर नाही, परत चालत यायचं. घाट उताराला जोरात सुटू नका. उताराने मांडीचे स्नायू असे भरतात की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. बूट पाचशे ते आठशे किलोमीटरला बदला, तळ चांगला दिसला तरी. वजन फार असेल तर एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं इथून सुरू करा. बीपी, शुगर असेल किंवा छातीत दडपल्यासारखं होत असेल तर हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा.

आणि ग्राउंडवर तुम्हाला 'हे रनिंग नाही' म्हणणारे सर हे वाचत असतील तर त्यांना एवढंच: तुमच्या कुठल्याही एका पोराच्या चारही राउंडची वेळ वेगवेगळी लिहून आणा, मग बोलू.