नदी ‘कायदेशीर व्यक्ती’ की ‘विधिक व्यक्ती’?

नदीला ‘कायदेशीर व्यक्ती’चा दर्जा दिल्याचे वाचताना खटकते, कारण नदी म्हणजे माणूस नव्हे, मग ‘व्यक्ती’ हा शब्द चुकला का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ‘व्यक्ती’ योग्य आहे. चूक आहे ती ‘कायदेशीर’ या विशेषणात.

वि + अञ्ज् या धातूपासून झालेल्या ‘व्यक्ती’चा मूळ अर्थ माणूस नसून प्रकट होणे, प्रकट रूप असा आहे. देव आणि दानव भगवंताची ‘व्यक्ती’ जाणत नाहीत, असे गीतेच्या दहाव्या अध्यायात अर्जुन म्हणतो, ते याच अर्थाने. मराठीने या शब्दाचे स्त्रीलिंगही राखले आहे. आमच्या इंदुरात हिंदीच्या सवयीने मुले ‘तो व्यक्ती’ म्हणतात आणि मी दर वेळी ‘ती व्यक्ती’ असे सांगते. कायद्यापुढे जी स्वतःच्या नावाने उभी राहते, जिच्या वतीने दावा लावता येतो, ती व्यक्ती. मग ती कंपनी असो, देवळातली मूर्ती असो वा नदी.

पद्धतशीर, सनदशीर, कायदेशीर या शब्दांतील ‘शीर’ मात्र ‘त्याला धरून असलेले’ असे सुचवतो. त्यामुळे ‘कायदेशीर व्यक्ती’ म्हटले की ‘बेकायदेशीर व्यक्ती’ही कुठेतरी असावी असे वाटते, आणि नदीच्या बाबतीत हा भेदच गैरलागू आहे. म्हणून ‘विधिक व्यक्ती’ म्हणावे. तो शब्द जड वाटल्यास ‘कायद्याने मानलेली व्यक्ती’ म्हणावे.

याच चर्चेतला ‘पालक’ हा शब्द मला अधिक बोचतो. उत्तराखंड उच्च न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये गंगा आणि यमुना यांना हा दर्जा देताना काही शासकीय अधिकाऱ्यांना त्यांच्या पालकस्थानी नेमले होते. त्या आदेशाला सर्वोच्च न्यायालयाने जुलैत स्थगिती दिली. कायद्याच्या मराठीत पालक लागतो तो ‘अज्ञान’ म्हणजे अल्पवयीन मुलाला. नर्मदाकाठच्या जलूदहून उपसलेले पाणी नळाला आले की आम्ही इंदूरकर ‘नर्मदा आली’ म्हणतो, काठावर गेलो की तिला मैया म्हणतो. मध्य प्रदेश विधानसभेनेही मे २०१७ मध्ये तिला सजीव मानण्याचा ठराव केला. त्या आईला अज्ञान ठरवणारा शब्द मी वापरणार नाही. देवस्थानांच्या व्यवहारातला ‘वहिवाटदार’, म्हणजे देवस्थानाचा कारभार पाहणारा, हा शब्द जवळचा आहे खरा, पण वहिवाटीत ताब्याचा अर्थ येतो. ‘विश्वस्त’ या शब्दात तसा ताबा नाही आणि हिशेब देण्याची जबाबदारी मात्र आहे, म्हणून नदीच्या वतीने उभा राहणाऱ्याला मी तोच शब्द सुचवीन.