हिप्पींचा वारसा आणि मोतीबिंदूचे भिंग

प्रश्न : हिप्पी म्हटले की आमच्या पिढीला केस वाढवून चिलीम ओढत गोव्याला निघालेले गोरे तरुण तेवढे आठवतात. त्या चळवळीचे आदर्श जपणारी एक धर्मादाय संस्था अमेरिकेत आजही काम करते, असे माझी भाची सांगते. हे खरे असल्यास ती नेमके काय जपते?
– एक निवृत्त शिक्षक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आपल्या भाचीचे म्हणणे खरे आहे. अशा संस्था एकाहून अधिक आहेत. परंतु आपल्याला जवळची वाटेल ती १९७८ साली स्थापन झालेली ‘सेवा फाउंडेशन’, कारण तिचे नावही आपले आणि बरेचसे कामही आपल्याकडचे. तिच्या संस्थापकांत डॉ. लॅरी ब्रिलियंट होते, जे नीम करोली बाबांच्या आश्रमातून निघून जागतिक आरोग्य संघटनेच्या देवी निर्मूलन मोहिमेत दाखल झाले. हार्वर्डची नोकरी गमावून त्याच बाबांचे शिष्य झालेले राम दास होते. आणि विदूषकाच्या वेशात वावरणारे वेव्ही ग्रेव्हीही होते. या शेवटच्या गृहस्थांच्या ‘हॉग फार्म’ या एकत्र राहणाऱ्या हिप्पींच्या कम्यूनने १९६९ च्या अमेरिकेतील वूडस्टॉक संगीत महोत्सवात, चार लाखांच्या आसपास लोटलेल्या गर्दीत, फुकट जेवणाचे स्वयंपाकघर चालवले होते. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावरील अन्नछत्रांत जेवलेल्या कोल्हापूरकराला त्याचे फारसे नवल वाटू नये.

चिलीम खोटी नव्हती, हेही मान्य केले पाहिजे. सॅन फ्रान्सिस्कोच्या हेट-ॲशबरी भागात १९६७ साली जो मोफत दवाखाना निघाला, त्याला अमली पदार्थांनी आजारी पडलेल्या तरुणांवरही उपचार करावे लागत होते. तथापि, उपचार हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे, ही त्या दवाखान्याची भूमिका मागे उरली, आणि माझ्या मते ‘सेवा’ने जपले ते नेमके हेच.

तिने अंधत्व हा एकच प्रश्न मुख्यतः हाती घेतला. मदुराईला डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ साली अवघ्या ११ खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले होते; पैसे देऊ शकणाऱ्या रुग्णांच्या शुल्कातून इतरांच्या मोफत शस्त्रक्रियांचा खर्च भागवावा, अशी त्यांची रीत होती. डॉक्टर स्वतः ‘सेवा’च्या संस्थापकांपैकी एक. पुढे डोळ्यात बसवायची परदेशी भिंगे गरिबांच्या आवाक्याबाहेर आहेत असे दिसल्यावर ‘सेवा’च्या साहाय्याने १९९२ साली मदुराईतच ऑरोलॅब हा कारखाना उभा राहिला आणि भिंगाची किंमत कितीतरी पटींनी उतरली. हिशेब, समित्या आणि कारखाने यांचा हिप्पींना तिटकारा होता. त्यांच्या वारसांनी मात्र या तिन्हींशी जुळवून घेतले. संगीताचा नाद तेवढा सुटला नाही, कारण संस्थेसाठी निधी गोळा करायला मैफली होतच राहिल्या.

आपल्या घरी कोणाची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली असेल, तर त्या वेळी मिळालेले भिंगाचे कार्ड काढून पाहा. त्यावर ऑरोलॅबचे नाव आढळल्यास भाचीला अवश्य दाखवा.