आखाजीआधी खोली रंगवायची, त्यासाठी आरडी मोडू का?

अमळनेरहून एका ताईंनी विचारलं आहे: लेकीची लग्नानंतरची ही पहिली आखाजी (अक्षय्य तृतीया). ती माहेरी यायच्या आत एक खोली रंगवून घ्यायची आहे. खोली १२ बाय १० फूट, उंची १० फूट, एक दार, एक खिडकी. भिंतींचा जुना गडद हिरवा रंग जाऊन फिकट बदामी यायला हवा. रंगाऱ्याने दारात उभं राहूनच सांगितलं: रंगाची २० लिटरची बादली ५,६०० रुपये, प्रायमर १० लिटर १,५०० रुपये, पुट्टीच्या ४० किलोच्या दोन गोण्या १,९०० रुपये, मजुरी ७,००० रुपये. एकूण १६,०००. हाताशी ९,००० आहेत. पोस्टात महिना ५०० रुपयांची आरडी (आवर्ती ठेव) आहे, डिसेंबर २०२२ मध्ये उघडलेली, ४० हप्ते भरून झाले. उरलेल्या ७,००० साठी ती मोडावी का? बादली घेतली तर लिटरमागे ३० रुपये वाचतात, असं रंगारी म्हणतो.

ताई, आरडीला हात लावू नका. त्याआधी घरातला टेप काढा, कारण ७,००० कमी पडतात हा आकडाच मला पटत नाही.

चारही भिंतींची लांबी मिळून ४४ फूट. गुणिले उंची १०, म्हणजे ४४० चौरस फूट. दार ७ बाय ३ चं धरलं तर २१ आणि खिडकी ४ बाय ४ ची धरली तर १६, असे ३७ वजा करा. उरल्या ४०३. छत १२० चं. दोन्ही मिळून ५२३ चौरस फूट, म्हणजे सव्वापाच ब्रास (१०० चौरस फुटांचा एक ब्रास).

साध्या इमल्शनचा, म्हणजे पाण्यात कालवायच्या रंगाचा, एक लिटर दोन हातांना (थरांना) १०० चौरस फूट तरी पुरतो. कंपन्या डब्यावर याहून जास्त लिहितात, पण ते गुळगुळीत भिंतीवरचं माप असतं. जुन्या भिंतीला मी १०० च धरतो. त्या हिशेबाने भिंतींना ४ लिटर लागतील. तुमचा हिरवा गडद आहे, त्यावर बदामी चढताना काही जागी तिसरा हात मारावा लागेल, म्हणून ५ धरा. छताला पांढरा सव्वा लिटर, म्हणजे लिटरचे दोन डबे. सगळे मिळून ७ लिटर, आणि तुम्हाला सांगितलेत २०.

बादली लिटरमागे २८० ला पडते आणि ४ लिटरचा डबा ३१० ला, हे तुम्ही कळवलेल्या भावांवरून खरंच आहे. पण ५,६०० ला ३१० ने भागा, १८ येतात. म्हणजे १८ लिटरच्या वर रंग लागणार असेल तेव्हाच बादली स्वस्त. तुम्हाला ७ लागतात. उरलेले १३ लिटर माळ्यावर जातील, आणि आपल्याकडच्या उन्हात उघडलेल्या डब्यावर साय धरायला किती वेळ लागतो ते तुम्हाला माहीतच आहे. शिवाय छताला पांढरा हवा, बादली बदामी. छतासाठी पुन्हा वेगळा डबा आलाच.

तुमच्या दुकानाच्या भावाने भिंतींसाठी ४ लिटरचा एक डबा १,२४० आणि १ लिटरचा ३३०, छतासाठी लिटरचे दोन ६६०. रंगाचे झाले २,२३०. प्रायमर एका हाताला लिटरमागे १०० ते १२० चौरस फूट जातो, म्हणजे ४ अधिक १ लिटरमध्ये भागेल, ८२० रुपये. पुट्टी किलोला १२ ते १५ चौरस फूट धरली तर सगळ्या खोलीला साधारण एकच गोणी, ९५० रुपये. जुना रंग घट्ट बसलेला असेल तर सगळीकडे पुट्टी लागणारही नाही, फक्त खड्डे-भेगा भराव्या लागतील. पॉलिश पेपर, ब्रश यांचे ३०० धरा. सामान ४,३००, मजुरी ७,०००, बेरीज ११,३००. तुमच्याजवळ ९,००० आहेत. कमी पडतात २,३००.

एवढ्यासाठी आरडी मोडायची म्हणजे काय होतं ते बघा. पोस्टाची आरडी तीन वर्षांनंतर बंद करता येते, पण मुदतीआधी बंद केली की सगळ्या काळाला बचत खात्याचंच व्याज मिळतं, ४ टक्के. तुमच्या खात्याचा दर ५.८ आहे. ४० हप्त्यांवर साधारण सातशे रुपये आजच बुडतील. डिसेंबर २०२७ पर्यंतचे राहिलेले वीस हप्तेही मोडतील, आणि एकदा मोडलेली सवय पुन्हा लागायला फार त्रास होतो, हे मी कितीतरी घरांत पाहिलं आहे. अगदीच अडलं तर त्याच आरडीवर निम्म्या शिलकेपर्यंत कर्ज मिळतं, खात्याच्या दराहून २ टक्के जास्त व्याजाने. २,३०० साठी तेही नको. मजुरी तीन टप्प्यांत द्यायची असं आधीच ठरवा: सुरुवातीला २,५००, प्रायमरचं अस्तर झाल्यावर २,२००, आणि उरलेले २,३०० शेवटचा हात वाळल्यावर. तुम्ही आखाजीच्या ब्लाउजची शिलाई करता असं लिहिलं आहे. ती तोवर हाती येईल.

रंगाऱ्यावर रागावू नका. रंग कमी पडला तर त्याचा अर्धा दिवस फुकट जातो, म्हणून तो हात राखून सांगतो. काही डब्यांत रंगाऱ्यासाठी कूपनही असतं, मोठ्या डब्याकडे ओढा असण्याचं तेही एक कारण असू शकतं. त्याला मापाचा कागद दाखवा आणि मजुरी ब्रासवर किती ते विचारा. ७,००० म्हणजे ब्रासला जवळपास १,३४० होतात. अमळनेरमध्ये आणखी एकाला विचारून बघा. पाणी मात्र डब्यावर लिहिलंय तेवढंच घालायला सांगा. उन्हात रंग ब्रशवरच सुकतो म्हणून पाणी वाढवलं जातं, मग दोन हातांत भिंत झाकत नाही आणि पाच लिटरचा हिशेब बिघडतो.

बदामी एकाच वेळी घ्या आणि दोन्ही डबे एका बादलीत कालवून मग लावा, म्हणजे भिंतीवर जोड दिसणार नाही. डब्यावरची शेडची चिठ्ठी जपून ठेवा. लिटरभर कमी पडलाच तर तेवढाच मिळेल. मशीनवर शेड केलेला रंग दुकानदार परत घेत नाही, सीलबंद पांढरा घेईल का ते पैसे देण्याआधीच विचारा. बिल मागा, त्यात १८ टक्के जीएसटी धरलेला दिसायला हवा.

एका गोष्टीची मला यापेक्षा जास्त काळजी वाटते. कूलरच्या खिडकीखाली पोपडे सुटतात, असं तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलं आहे. तिथे ओल असेल तर कितीही चांगली पुट्टी लावा, पावसाळ्याआधीच ती फुगेल आणि लेक पुढच्या खेपेला येईल तेव्हा तीच भिंत पुन्हा खरवडावी लागेल. घाईत त्यावर ऑइलपेंट मारायला कुणी सांगितलं तर ऐकू नका, ओल आत कोंडते. कूलरची टाकी भरून वाहते का, पाणी भिंतीकडे उतरतं का ते बघा आणि आधी ते थांबवा. मग फूटभर प्लास्टिकचा तुकडा त्या जागी चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा. दुसऱ्या दिवशी आतून दव धरलेलं दिसलं तर ती भिंत यंदा सोडून द्या, बाकीच्या तीन रंगवा आणि तिच्यासमोर कपाट सरकवा. कोरडं निघालं तर टेप आणि कागद घेऊन दुकानात जा.