पंच फिर्यादीचा मेहुणा निघाला तर?

प्रश्न (निपाणी, कर्नाटक): भावावर चोरीचा खटला आहे. जप्तीच्या पंचानं फिर्यादीला ओळखत नाही असं कोर्टात सांगितलं. तो त्याचा सख्खा मेहुणा आहे! उलटतपासणी झाली. आता?

उत्तर: वेळ गेलेली नाही. निकालाआधी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 348 खाली (खटला 1 जुलै 2024 आधीचा असेल तर जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 311) पंचाला परत बोलावण्याचा अर्ज द्या. नातं कधी, कसं कळलं ते लिहा, नाहीतर वेळकाढूपणा ठरतो. पंचाला नात्याबद्दल थेट विचारा. त्यानं नाकारलं तरच भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 156 नुसार (जुन्या पुरावा कायद्याचं 153) उलट पुरावा देता येतो. मराठी लग्नपत्रिकेला कन्नड भाषांतर जोडा, शिवाय लग्नाला हजर असलेला माणूस साक्षीला हवाच. नात्यामुळे पंचनामा आपोआप रद्द होत नाही. पण खोटं बोललेल्या पंचावर एकट्यावर जप्ती टिकणं अवघड.