वाचकांचे प्रश्न : दोन्ही वळणांत नाक खालीच का जाते?

प्रश्न : माझ्या रेडिओ कंट्रोल फ्लाइंग विंगचा (शेपूट नसलेले विमान) ट्रान्समीटर जुना, चार चॅनेलचा आहे. त्यात मिक्सिंग, म्हणजे पिच (नाक वर-खाली) आणि रोल (डावीकडे-उजवीकडे कलणे) यांचे आदेश एकत्र करण्याची सोय, नाही. म्हणून पिचचा सर्व्हो (आर्म फिरवणारी छोटी मोटर) पक्का बसवून त्याने पुढेमागे सरकणारा ट्रे केला आणि रोलचा सर्व्हो त्या ट्रेवर ठेवला. त्याच्या आडव्या आर्मपासून दोन पुशरॉड (ढकलणाऱ्या-ओढणाऱ्या सळ्या) मागे एलेव्हॉनकडे, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पात्यांकडे, जातात. ते दोन्हीकडे साधारण २० अंश फाकलेले आहेत. हॉर्न (एलेव्हॉनवरचे, रॉड जोडायचे खुंट) पंखाखाली आहेत. डावीकडे वळवा की उजवीकडे, नाक खालीच जाते. दोन्ही सर्व्हो बदलून झाले. – एक वाचक, तासगाव

उत्तर : सर्व्हो परत जुनेच लावा, त्यांचा काही दोष नाही. आर्म फिरतो तेव्हा त्याचे टोक पुढेमागे जाते, तसेच थोडे आतही येते. १० मिमीचा आर्म ४५ अंश फिरला की टोक ७.१ मिमी पुढे किंवा मागे जाते आणि २.९ मिमी आत येते. आर्म कुठेही फिरवा, आत येतात ती दोन्ही टोके. रॉड समांतर असते तर याने काही बिघडले नसते. पण २० अंश फाकलेल्या रॉडवर २.९ गुणिले साइन २०, म्हणजे १ मिमी ओढ दोन्हीकडे एकदमच बसते. हॉर्न खाली असल्याने ओढ बसली की दोन्ही एलेव्हॉन खाली जातात. १५ मिमीच्या हॉर्नवर हे जवळपास ४ अंश होतात आणि शेपूट नसलेल्या विमानाला एवढे खूप झाले. हॉर्न पंखावर घेतलेत तर नाक वर जाऊ लागेल, एवढाच फरक.

इलाज सोपा आहे. सरळ आर्म काढून गोल चकती लावा आणि तिची दोन भोके आडव्या रेषेपासून २० अंश पुढे सरकवून पाडा. पुढच्या बाजूने मोजल्यास दोन भोकांमधला कोन १४० अंश भरला पाहिजे. स्टिक मध्यावर असताना मध्यापासून भोकापर्यंतची रेघ आणि त्या भोकातला रॉड यांत काटकोन झाला, की टोकाचे आत येणे रॉडला जाणवतच नाही. हॉर्नच्या बाबतीतही हेच : भोक हिंजच्या (बिजागरीच्या) रेषेच्या बरोबर खाली हवे.

आणि तुमची चालही, म्हणजे एलेव्हॉनचे वर-खाली हलणे, जास्त आहे. वर धरलेल्या मापांनी नुसत्या रोलवर एलेव्हॉन २६ अंश जातो. चकतीची भोके मध्यापासून ७ मिमीवर, पिच सर्व्होचा आर्म ५ मिमी आणि हॉर्न २० मिमी घ्या. सर्व्हो ४५ अंश फिरत असेल तर रोल १४ अंश मिळतो, पिच साडेनऊ. दोन्ही स्टिक टोकाला नेल्यावर २४ अंश होतात. तिथे काहीही अडकत नाही ना, हे उडवण्याआधी हाताने पाहा. यांत्रिक मिक्सिंगमध्ये चाली सरळ बेरजेने वाढतात, त्यांना मध्येच थांबवणारे कोणी नसते.

प्रश्न : मीही असाच सरकता ट्रे केला आहे. तो मध्येच अडकतो, पिच सर्व्हो गुणगुणतो. ट्रे सैल केला तर विमान पिचमध्ये डुलते. – एक वाचक, कराड

उत्तर : ट्रेला एका बाजूने ढकलत असाल. ड्रॉवर एका कोपऱ्याला धरून ओढला की तिरका होऊन बसतो, तेच इथे होते. पिच सर्व्होचा रॉड ट्रेच्या मधोमध जोडा आणि ट्रे रुंदीपेक्षा लांब ठेवा. ट्रे सरकण्यासाठी पियानो वायरवर पितळी नळी उत्तम चालते, मात्र दोन्ही वायरी समांतर हव्यात. सैल करणे हा उपाय नव्हे : २० मिमीच्या हॉर्नवर अर्धा मिमी प्ले (ढिलाई) म्हणजे दीड अंश.

पिच सर्व्होवर दोन्ही एलेव्हॉनचा भार येतो, तेव्हा ताकदीचा सर्व्हो तिथे लावा. ट्रेवरच्या सर्व्होच्या वायरीला सैल वळसा द्या, नाहीतर ती सोल्डरपाशी तुटते. पुशरॉडला सायकलचा स्पोक चालतो, पण त्याचे आटे २ मिमीच्या क्लेव्हिसला (रॉडच्या टोकाची, हॉर्नला अडकणारी पकड) जुळत नाहीत. जबरदस्तीने बसवलेला क्लेव्हिस हवेत निघतो.

ट्रान्समीटरच्या मेनूत एलेव्हॉन मिक्सिंग असेल, तर मात्र ट्रे करूच नका. वजन वाढते आणि प्लेही.